परमुलखातला रुग्ण आणि गावाचा प्रश्न

आपल्या प्रश्नाचा गोषवारा आधी मांडते, म्हणजे पुढचे उत्तर कशाबद्दल आहे ते इतरांनाही कळेल. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि इचलकरंजी या पट्ट्यात घरोघरी जाऊन दुर्धर आजाराच्या रुग्णांची देखभाल करणारे एक छोटे पथक आपण सुरू केले आहे. आपले बरेच रुग्ण बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा आणि बंगालमधून इथे फौंड्रीत, मागावर किंवा सोन्याचांदीच्या कामावर आलेले आहेत. या निरनिराळ्या समाजांच्या मृत्यूविषयीच्या चालीरीतींचा एखादा तक्ता मिळेल का, असे आपण विचारले आहे. दुसरा प्रश्न गया जिल्ह्यातून आलेल्या एका फौंड्री कामगाराचा आहे. त्याला फुफ्फुसाचा कर्करोग आहे, बायको गावी आहे, तो चार साथीदारांबरोबर एका खोलीत राहतो, आणि ते साथीदार आपल्याला दारातच अडवून ‘उसको कुछ मत बताइए’ म्हणतात.

असा तक्ता मी एकदा स्वतः केला होता. या कामाला लागून मला तेव्हा तीन-चार वर्षे झाली होती. एका उभ्या रकान्यात समाज, दुसऱ्यात शेवटच्या क्षणीचे विधी, तिसऱ्यात देहाला कोणी हात लावावा, चौथ्यात अन्नपाण्याचे नियम, असा तो कागद आम्ही परिचारिकांच्या खोलीतल्या कपाटावर चिकटवला होता. त्यात खोटे काही नव्हते. उत्तर भारतीय हिंदूंच्या पुढे गंगाजल, तुळशीपत्र आणि जमिनीवर उतरवून ठेवणे असे लिहिले होते. मुसलमानांच्या पुढे पश्चिमेकडे तोंड, कलमा, स्त्रीच्या देहाला स्त्रियांनीच स्नान घालणे आणि शक्य तितक्या लवकर दफन. ख्रिस्ती रुग्णाच्या पुढे धर्मगुरूंना बोलावून तैलाभ्यंग. तिबेटी बौद्धांच्या पुढे श्वास थांबल्यावर देह काही तास न हलवणे आणि मुंडगोडच्या वसाहतीतून लामांना निरोप देणे. तरीही तो कागद वर्षभरात काढून टाकला, कारण त्याच्यामुळे आमच्या परिचारिका प्रश्न विचारायच्या थांबल्या. बिहारमधला एक म्हातारा कबीरपंथी होता, गंगाजलाची बाटली पाहून त्याने तोंड फिरवले, आणि आम्ही ते रोगाच्या चिडचिडीत जमा केले. त्याच्या घराण्यात दहन नव्हे, दफन करतात, हे आम्हाला त्याच्या पुतण्याकडून कळले, तेही लाकडांची विचारणा केल्यावर.

तक्त्याची गरज आपल्याला का वाटते, याचाही विचार करावा. कोल्हापूरच्या माणसाला मृत्यूच्या चालींमधले वैविध्य नवे नाही. एकाच गल्लीत मराठ्याच्या घरी दहन आणि तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन असते, लिंगायताच्या घरी बसवून समाधी दिली जाते, जैन घरात कोणी सल्लेखना, म्हणजे अन्नपाणी सोडून मरणाला सामोरे जाण्याचे व्रत, घेतलेली असते, आणि मुसलमान शेजाऱ्याच्या जनाज्याला गल्लीतली सगळी मंडळी खांदा द्यायला जातात. आपण या कशाचाही तक्ता कधी मागितला नाही, कारण प्रत्येक घरात सांगणारी एक आत्या, एक काका, एक भावकीतला वडीलधारा माणूस असतो. आपण फक्त बाजूला उभे राहतो आणि तो सांगेल तसे करतो. परमुलखातून आलेल्या रुग्णाजवळ हा सांगणारा माणूसच नसतो. त्याच्या खोलीत आहेत ती पंचविशीतली पोरे, ज्यांनी स्वतः कधी मृत्यू जवळून पाहिलेला नाही, आणि ज्यांना आपल्याइतकीच भीती वाटते. म्हणून माझ्या मते या रुग्णाच्या बाबतीत आपले पहिले काम त्याचा सांगणारा माणूस शोधून काढण्याचे आहे. तो बहुधा दोन हजार किलोमीटरवर असतो, आणि हल्ली तो फोनवर दिसतो.

आता सगळ्यात महत्त्वाचे सांगते, आणि त्यासाठी माझी एक चूक सांगावी लागेल. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. असाच एक फौंड्रीतला कामगार होता, चाळिशीचा, यकृतापर्यंत पसरलेल्या कर्करोगाचा. भाद्रपदात मी त्याला पहिल्यांदा पाहिले तेव्हा तो स्वतः उठून दार उघडायचा. दुसऱ्या भेटीत निघताना त्याने मला विचारले, ‘मैडम, छठ तक घर पहुँच जाऊँगा न?’ छठपूजा दिवाळीनंतर सहाव्या दिवशी येते. मी त्याचा हात दाबून ‘जरूर’ म्हटले, आणि माणूस उमेदीत आहे याचे मला समाधान वाटले. तो मला बरे होण्याबद्दल विचारत नव्हता. त्याला मोजणी करायची होती: त्याच्याकडे दिवस किती आहेत, तिकीट आत्ता काढावे की नंतर, घाटावर उभे राहण्याची ताकद तोवर राहील का. त्याला आपला आजार ठाऊक होता. त्याने मला दार उघडून दिले होते आणि मी ते ढकलून लावून घेतले. अश्विनाच्या शेवटी तो उठू शकेना, आणि दिवाळीच्या चार दिवस आधी तो गेला. पंचगंगेच्या स्मशानात त्याच्या खोलीतल्या मुलाने अग्नी दिला. रुग्णाची आई फोनच्या पडद्यावर होती, आणि मुलाचा हात इतका थरथरत होता की तिला ज्वाळांऐवजी शेडचे पत्रे दिसत होते. ती सारखी ‘मुँह दिखाव, मुँह दिखाव’ म्हणत होती. तोपर्यंत वर शेणी रचून झाल्या होत्या.

त्या दिवसापासून मी स्थलांतरित रुग्णाला पहिल्या किंवा फार तर दुसऱ्या भेटीत गाव विचारते. पत्ता भरून घेण्यापुरता नव्हे, तर ‘गावी कोण कोण आहे, शेवटचे कधी गेला होतात, आत्ता जावेसे वाटते का’ असा. धर्म आणि विधी यांबद्दलचे प्रश्न उद्यावर टाकले तरी चालतात, कारण गंगाजल इथेही मिळते आणि कलमा पढायला इथेही माणूस सापडतो. गावी पोहोचण्याची संधी मात्र बंद होत जाते आणि एकदा बंद झाली की कोणत्याही औषधाने उघडत नाही. परमुलखातल्या माणसाच्या अखेरच्या देखभालीत मला सर्वांत जास्त पश्चात्ताप याच एका गोष्टीचा झालेला आहे, आणि इतर डॉक्टरांकडूनही हेच ऐकते.

संधी किती दिवस उरली आहे हे ओळखण्यासाठी या क्षेत्रात शिकवला जाणारा एक साधा आडाखा आहे. प्रकृतीतला उतार महिन्यामहिन्याने जाणवत असेल तर हातात बहुधा काही महिने असतात, आठवड्याआठवड्याने जाणवत असेल तर काही आठवडे, आणि रोज सकाळी माणूस कालच्यापेक्षा वेगळा दिसत असेल तर फक्त दिवस. आठवड्यांचा उतार दिसू लागला की प्रवासाचा निर्णय त्याच आठवड्यात झाला पाहिजे. रोजचा उतार सुरू झाल्यावर मी कोणालाही गाडीत बसवत नाही. रुग्ण उशीला टेकून दोन तास बसू शकतो का, आधार घेऊन संडासापर्यंत जाऊ शकतो का, पातळ पदार्थ गिळू शकतो का, एवढे पाहावे. कोल्हापूरहून धनबादला जाणारी दीक्षाभूमी एक्सप्रेस आठवड्यातून एकदाच सुटते आणि वाटेत गयेला थांबते; दोन रात्रींचा हा प्रवास आहे आणि रेल्वेच्या संडासात कोणी उचलून नेऊ शकत नाही. उपचारांसाठी प्रवास करणाऱ्या कर्करुग्णाला शयनयान आणि तृतीय वातानुकूलित वर्गात भाड्यात पूर्ण सूट असते, सोबतच्या एका माणसाला 75 टक्के. त्यासाठी रुग्णालयाचा विहित नमुन्यातला दाखला लागतो. मी तो दाखला गरज पडण्याआधीच तयार करून ठेवायला सांगते, कारण गरज पडते तेव्हा सही करणारे डॉक्टर रजेवर असतात.

त्याच्याबरोबर काय पाठवायचे, हे आपल्या हातात असते आणि इथे फार हयगय होते. मॉर्फिन 1985 च्या अंमली पदार्थ कायद्याखाली येते. 2014 च्या दुरुस्तीने नियम सोपे झाले आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते ठेवणे व देणे शक्य झाले, तरीही बिहारमधल्या तालुक्याच्या दुकानात ते मिळेल अशी आशा धरू नये. गोळ्या मूळ पाकिटातच ठेवाव्यात, सोबत औषधचिठ्ठी आणि रुग्णाचे नाव, आजार, मात्रा, गोळ्यांची संख्या व प्रवासाचे कारण लिहिलेले शिक्क्याचे पत्र द्यावे, म्हणजे वाटेत कोणी पिशवी तपासली तर तो मुलगा गोंधळून जाणार नाही. पत्र इंग्रजीत आणि हिंदीत असावे. मॉर्फिन दर चार तासांनी द्यायचे हे घड्याळाच्या चित्रासह लिहून द्यावे, आणि बद्धकोष्ठाचे औषध पहिल्या गोळीपासून चालू ठेवावे; हे विसरले गेले तर रुग्ण वेदनेने नव्हे तर पोट गच्च झाल्याने तळमळतो आणि गावचे लोक दोष मॉर्फिनला देतात. पाठवण्याआधीच पुढचे ठिकाण फोनवर पक्के करावे. टाटा स्मारक केंद्राची रुग्णालये वाराणसीला आणि मुझफ्फरपूरला आहेत. तिथवर एखादा नातेवाईक महिन्यातून एकदा जाऊन औषध आणू शकतो. दम लागत असेल तर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सकाळच्या वेळी चालू करून भूक आणि ताकद काही दिवसांपुरती वाढवता येते. एरवी ते मी जपून वापरते, पण गाडी गाठायची असेल तेव्हा नक्कीच वापरते.

आणखी एक अवघड गोष्ट आधीच बोलून घ्यावी: वाटेतच काही झाले तर. ही शक्यता सोबत जाणाऱ्या माणसाला स्पष्ट सांगितल्याशिवाय मी पाठवत नाही. चालत्या वाहनात मृत्यू झाला तर त्याची नोंद गाडी पुढे जिथे पहिल्यांदा थांबेल त्या ठिकाणी होते, म्हणून आजाराची संपूर्ण फाईल पिशवीत वर ठेवावी. हे ऐकून पुष्कळदा सोबती घाबरतो, पण रुग्ण घाबरत नाही असा माझा अनुभव आहे. इचलकरंजीतला एक मागवाला मला म्हणाला होता की वाटेत गेलो तरी तोंड घराकडे असेल.

सगळ्यांनाच परत जायचे असते, असे मात्र मुळीच समजू नये. गावात जमिनीवरून भाऊबंदकी असते, कोणी जात सोडून लग्न केलेले असते, कोणाला आपली ही अवस्था आईला दाखवायची नसते, आणि पुष्कळांची मुले इथे मराठी शाळेत शिकत असतात. वीस वर्षे इथे काढलेल्या एका बंगाली सोनाराने मला सांगितले की त्याचे गाव आता गुजरी, म्हणजे कोल्हापूरची सराफपेठ, हेच आहे. त्याचे ऐकून आम्ही गावाचा विषय बंद केला. विचारायचे ते त्याची इच्छा कळण्यासाठी. आपली हुरहूर त्याच्यावर लादण्यासाठी नव्हे.

जो इथेच राहतो त्याच्यासाठी हे शहर परके राहू नये, एवढे मात्र आपण करू शकतो आणि कोल्हापूरला त्याची सवय आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत छावण्यांतून सुटलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, त्यांतही मुख्यतः बायका आणि मुले, 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत राहिले. महावीर उद्यानात त्यांची आठवण सांगणारा स्तंभ आहे आणि त्यांच्यातले काहीजण इथल्याच मातीत पुरलेले आहेत. फाळणीनंतर त्याच जागेवर सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर वसले. त्या पिढीतल्या काही वृद्धांची मी शेवटची देखभाल केली. पंचाहत्तर वर्षे इथे काढलेला माणूस ग्लानीत गेल्यावर सिंधीतच बोलू लागतो, आणि इथे वाढलेल्या नातवंडांना ते कळत नाही, हे मी तिथे पाहिले. म्हणून अस्खलित मराठी बोलणाऱ्या रुग्णाचीही पहिली भाषा कोणती, हे कागदावर लिहून ठेवावे.

भाषेबद्दल थोडे थांबून लिहिते. वेदना मोजण्यासाठी आपण ‘शून्य ते दहापैकी किती’ असे विचारतो आणि समोरचा माणूस ‘ठीक है’ म्हणतो. भोजपुरीत ‘बथता’ म्हटले की ठणकते, आणि ‘जरता’ म्हटले की जळजळते. या दोन शब्दांतला फरक औषध बदलतो, कारण जळजळ आणि मुंग्या येणारी वेदना मज्जातंतूंची असण्याची शक्यता जास्त असते आणि तिच्यावर नुसते मॉर्फिन वाढवून भागत नाही. असे वीस-पंचवीस शब्द परिचारिकांनी रुग्णांकडूनच शिकून वहीत लिहावेत. तक्ता काढून टाकल्यानंतर आमच्याकडे राहिलेली उपयोगी वस्तू ती वही आहे.

दुभाषा कोण असावा, याबाबत मी फार कडक आहे. रुग्णाच्या मुलाला, विशेषतः शाळकरी मुलाला, हे काम कधीही देऊ नये. ‘तुझ्या बापाला विचार, मरणाची भीती वाटते का’ हे वाक्य दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडून वदवून घेण्याचा आपल्याला अधिकार नाही. मुकादम किंवा ठेकेदार यांनाही नको. ते पुष्कळदा मदतीला धावून येतात, गाडी देतात, पैसे देतात, आणि त्याबद्दल त्यांचे आभार मानावेत. परंतु रुग्णाने त्यांच्याकडून उचल घेतलेली असते, आणि उचल फिटायची आहे तोवर त्यांच्यासमोर तो ‘घरी जायचे आहे’ हे शब्द उच्चारत नाही. मराठवाड्यातून येणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या बाबतीतही हेच घडते, आणि तिथे तर भाषाही मराठीच असते. कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, दुखणे काढत पडलेली बाई मुकादमासमोर ‘बरं हाय’ म्हणते आणि तो चहा सांगायला गेला की पदर डोळ्याला लावते. मुकादमाला चहा सांगायला पाठवणे हा उपाय मी आजही वापरते.

खोलीबद्दलही सांगायला हवे, कारण संस्कृतीचे भान वगैरे मोठ्या गोष्टी खोलीच्या दाराशी अडतात. मागाशेजारच्या दहा बाय दहाच्या खोलीत दोन खाटा आणि सहा माणसे, दिवसपाळीचा माणूस उठला की रात्रपाळीचा त्याच जागेवर झोपणार, अशा ठिकाणी तोंडाच्या कर्करोगाची चिघळलेली जखम असलेला माणूस पडलेला असतो. साथीदार हळूहळू बाहेर झोपू लागतात. आपण त्यांना माणुसकी शिकवू नये; वास घालवावा. मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या बारीक कुटून ती पूड जखमेवर भुरभुरली आणि पट्टी रोज बदलली, तर पुष्कळदा तीन-चार दिवसांत फरक पडतो. एका खोलीत असा वास कमी झाल्यावर साथीदार परत आत आले आणि रात्री त्याच्या उशाशी बसून रामचरितमानस म्हणू लागले. त्यांना काय म्हणायचे ते आधीपासून ठाऊक होते, पण वासामुळे जवळ बसता येत नव्हते.

आता इच्छा आणि औषध यांची गाठ पडते तिथली एक हकिगत. मुर्शिदाबादकडची एक बाई होती, स्तनाचा कर्करोग हाडांत गेलेला. ती संध्याकाळची मॉर्फिनची गोळी घ्यायची आणि पहाटेची परत करायची. नशेची भीती असणार असे गृहीत धरून आमच्या मुलींनी तिला दोनदा समजावले की या औषधाची अशी सवय लागत नाही, पहिल्या दोन-तीन दिवसांची गुंगीही उतरते. ती नुसती मान हलवायची. शेवटी एक बंगाली बोलणारी शेजारीण बसवली तेव्हा उलगडा झाला: तिला पहाटेच्या, फजरच्या नमाजाला जाग आणि शुद्ध हवी होती, बाकी दिवसभर गुंगी आली तरी तिची हरकत नव्हती. तेव्हा आम्ही गोळीची वेळ पुढेमागे केली आणि रात्रीची मात्रा जरा वाढवली, इतकेच. मग तिने स्वतःहून खाट फिरवायला सांगितली. खोलीत खाट फिरायला जागा नव्हती. तिच्या नवऱ्याने आणि आमच्या चालकाने लोखंडी कपाट बाहेर व्हरांड्यात काढले आणि खाट पश्चिमेच्या अंगाला वळवली. ती पुढे अकरा दिवस जगली, आणि कपाट अकरा दिवस व्हरांड्यात राहिले. स्नान घालायला तिच्या नात्यातली बाई नव्हती, ती व्यवस्था आम्ही जवळच्या मोहल्ल्यातल्या बायकांशी आधीच बोलून ठेवली होती, म्हणून ऐनवेळी धावपळ झाली नाही.

अन्नपाण्याबाबत सगळ्या मुलखांतली माणसे सारखीच वागतात. खाणे सुटले म्हणून माणूस जातो असे त्यांना वाटते आणि मग जबरदस्तीने चमचा तोंडात घालतात. तो पदार्थ फुप्फुसात जातो. माणूस जायला लागला म्हणून त्याचे खाणे सुटते, हे शांतपणे आणि पुन्हा पुन्हा सांगावे लागते. गंगाजल असो किंवा जमजमचे पाणी, कापसाचा बोळा भिजवून ओठांवर फिरवायला शिकवावे. त्याने विधीही होतो आणि ठसकाही लागत नाही. जानवे, ताईत, कडे, मंगळसूत्र यांना विचारल्याशिवाय हात लावू नये, अगदी ईसीजी काढतानाही. मारवाडी कुटुंबात कोणी संथारा (म्हणजे सल्लेखनाच) घेण्याची गोष्ट काढली तर दचकून पोलिसांची आठवण काढू नये. राजस्थान उच्च न्यायालयाने 2015 च्या ऑगस्टमध्ये त्याला बेकायदा ठरवले होते, पण त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. आपण वेदना आणि तहान यांची काळजी घ्यावी, आणि निर्णय दडपणाखाली तर झालेला नाही ना, हे रुग्णाला एकट्याला गाठून विचारावे.

रुग्ण रुग्णालयात असेल तर कागदांचा प्रश्न येतो. सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 ला सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि 24 जानेवारी 2023 ला त्याची पद्धत सोपी केली. आता उपचारांविषयीचे इच्छापत्र दोन साक्षीदारांसह नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येते, आणि रुग्ण बोलू शकणार नाही तेव्हा निर्णयात सहभागी होणारी माणसे त्यात नेमता येतात. खोलीतल्या साथीदारांना एरवी कोणी विचारत नाही, म्हणून स्थलांतरितांना याचा उपयोग सर्वांत जास्त आहे. प्रत्यक्षात मात्र घडते ते असे की, साथीदार कंटाळून किंवा पैसे संपून रुग्णाला ‘डॉक्टरी सल्ल्याविरुद्ध’ असा शेरा घेऊन घरी आणतात, आणि त्या शेऱ्यामुळे हातात एकही औषध दिले जात नाही. आपण रुग्णालयाशी आधी बोलून रीतसर घरी सोडण्याचा कागद आणि पंधरा दिवसांची औषधे मिळवावीत.

फौंड्रीतल्या माणसाबाबत एक गोष्ट आवर्जून लिहिते, कारण ती मृत्यूनंतर दुरुस्त करता येत नाही. वाळूच्या साच्यांवर वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाच्या फुप्फुसांत सिलिकोसिस असू शकतो. तो व्यवसायजन्य आजार म्हणून कायद्यात नमूद आहे, आणि सिलिकाची धूळ फुप्फुसाच्या कर्करोगालाही कारण ठरते. मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यावर नुसते ‘हृदयक्रिया बंद पडून’ असे लिहिले गेले तर गावाकडच्या विधवेचा भरपाईचा दावा सुरू होण्याआधीच संपतो. जुने एक्स-रे आणि सीटी स्कॅन फुप्फुसांच्या तज्ज्ञाकडून आत्ताच पाहून घ्यावेत, कामाची वर्षे आणि कारखान्यातले खाते (विभाग) फाईलमध्ये लिहावे. तो कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) योजनेत असेल तर अंत्यविधीच्या खर्चापोटी 15,000 रुपयांपर्यंत मिळतात. दाखल्यावरचे नाव आधारकार्डावरच्या नावाशी जुळवून घ्यावे. ‘सिंग’ आणि ‘सिंह’ एवढ्या फरकासाठी गयेहून कोल्हापूरला परत आलेली बाई मी पाहिली आहे, कारण मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथेच होते आणि दुरुस्तीही तिथेच.

आपल्याकडची माणसे परदेशी गेली की हीच अडचण उलट बाजूने येते, आणि मला ह्यूस्टनहून किंवा लंडनजवळून फोन करणाऱ्या कोल्हापूरच्या मुलांची संख्या वाढते आहे. मुलांकडे राहायला गेलेल्या आजीला तिथला डॉक्टर हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या दिवसांची देखभाल, सुचवतो आणि घरात रडारड होते. अमेरिकेत त्यासाठी दोन डॉक्टरांनी आयुष्य सहा महिन्यांच्या आत असल्याचे लिहून द्यावे लागते, म्हणून ते वाक्य फाशीच्या हुकमासारखे वाटते. वास्तविक त्यातून परिचारिका आणि औषधे घरी येतात. मी त्यांना पहिला प्रश्न तोच विचारते: आजीला रंकाळ्यावरच्या घरी यायचे आहे का, हे तिला कोणी विचारले आहे का?

आता आपल्या रुग्णाकडे वळते. साथीदारांशी भांडू नये. ‘मी होऊन काहीही सांगणार नाही, पण त्याने विचारले तर खोटेही बोलणार नाही’ एवढेच त्यांना सांगावे. माझ्या अनुभवात हे बहुतेकजण मान्य करतात. मग पाळी बदलण्याच्या वेळेला, खोली रिकामी असताना जावे. बसायला खुर्ची मागू नये, त्याच्या चटईवर बसावे. ‘तुम्हाला कोणता आजार आहे असे तुम्हाला वाटते’ असे आधी विचारावे आणि तो बोलेपर्यंत थांबावे, कितीही वेळ लागला तरी. त्यानंतर गाव विचारावे. त्याच्या गावापासून विष्णुपद मंदिर किती लांब आहे, हे विचारले तर कदाचित तो आपण होऊन बोलू लागेल, कारण आपल्याकडची माणसे पितरांच्या पिंडासाठी जिथे आयुष्यात एकदा जाऊन येतात तो त्याचा जिल्हा आहे.

आपण लिहिले आहे की गेल्या पंधरवड्यात तो नळापर्यंत जायचा आणि आता दारापर्यंत येतो. हा आठवड्यांचा उतार आहे. सवलतीचा दाखला उद्या सकाळी मागून घ्या, बायकोचा किंवा थोरल्या भावाचा नंबर त्याच्याकडूनच घ्या, साथीदारांकडून नको, आणि तो ‘जाना है’ म्हणाला तर येत्या आठवड्याच्या गाडीत खालच्या बर्थची दोन तिकिटे मिळतात का ते त्याच दिवशी बघा. मॉर्फिनच्या पत्राचा माझा हिंदी मसुदा हवा असेल तर पाठवते.